माळ्यावरची गोधडी



गणपतीच्या जेवणाला मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी उभे असताना विषय निघाला विजेच्या बिलाचा. फिनिक्समध्ये दोन मराठी माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला हा विषय निघतोच. आम्ही उत्साहाच्या भरात सांगून बसलो की आमचे बिल खाली आले आहे, आणि वरची खोलीही गार झाली आहे. मंडळाच्या संपादकांनी तिथेच पकडले. "नुसते बोलू नका, लिहून द्या!" म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच सांगतो, आम्ही दोघेही आयटीवाले. इंजिनीअरिंगला हीट ट्रान्स्फरचा पेपर होता, तो गणिते पाठ करून सोडवला आणि विसरलो. पंधरा वर्षांनी तीच गणिते पुन्हा करावी लागली, कारण या वेळी मार्कांचा प्रश्न नव्हता.

तो जुलै

२०२३ चा जुलै इथले कुणी विसरले असेल असे वाटत नाही. ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस फिनिक्सचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त होते. १९ जुलैला तर किमान तापमान ९७ अंश होते. म्हणजे पहाटेसुद्धा घराबाहेर ३६ सेल्सिअस! त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली.

त्याच जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमची लेक जन्मली. बाळंतपणासाठी आजी नागपूरहून आली होती. बाळ-बाळंतिणीची खोली वरच्या मजल्यावर. थर्मोस्टॅट खाली हॉलमध्ये, त्यावर ७६ आकडा छान दिसायचा. वर मात्र संध्याकाळी पाच वाजता ८७ अंश. एसी दिवसभर अखंड घरघरत होता.

एका रात्री बाळाचे अंग गरम लागले. डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन केला. इतक्या लहान बाळाच्या बाबतीत वाट पाहू नका, लगेच घेऊन या, असे त्यांनी सांगितले. पहाटेपर्यंत तपासण्या झाल्या. काही निघाले नाही. डॉक्टर एवढेच म्हणाल्या, "खोली गार ठेवा." घरी आल्यावर हॉलमधला सोफा सरकवला, गाद्या टाकल्या, आणि पुढचे दोन महिने आजी, बाळ आणि बाळंतीण तिथेच राहिले.

आजी बोलून गेली, "नागपूरला ४६ अंशांतही आमचं माजघर गार राहायचं. तुमच्या भिंती काय पुठ्ठ्याच्या आहेत?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता.

माजघर गार का असायचे?

विदर्भातल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड, वर कवेलू नाहीतर धाबे. माती उष्णता अडवते असे आपण म्हणतो, पण खरे तर ती उष्णता साठवते. दिवसभराचे ऊन भिंतीत मुरत राहते आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ उलटते. तोवर मंडळी अंगणात बाजा टाकून झोपायला बाहेर! दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते.

आपल्या इथल्या घराचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, बाहेरून स्टकोचा थर, आतून जिप्समचा पत्रा. उष्णता साठवायला त्यात फारसे काही नाही. इथे सगळी मदार मधल्या पोकळीत काय भरले आहे यावर. आणि दुपारी सर्वांत जास्त तापते ते छत. उन्हाळ्यात आपल्या डोक्यावरचे ॲटिक, म्हणजे माळा, सहज १४० अंश फॅरनहाइटवर (६० सेल्सिअस) जातो. वरच्या मजल्यावर आपण त्या भट्टीखाली झोपत असतो. मध्ये असतो अर्ध्या इंचाचा पत्रा आणि त्यावर पसरलेले इन्सुलेशन.

गोधडीने गारवा?

इन्सुलेशन घालायचे ठरले तेव्हा आजीने फोनवर विचारले, "गोधडी पांघरली की उकडतं. घराला गोधडी घालून गार कसं होणार?"

आम्ही तिला बर्फवाल्याची आठवण करून दिली. तो बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. गोणपाट काही गार करत नाही. ते बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावते. १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला पहिल्यांदा जहाजाने बर्फ गेला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि पोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक! हा प्रताप लाकडाच्या भुशाचा आणि दाट रचलेल्या लाद्यांचा. गोधडी आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरचीही आत येऊ देत नाही. तिला दिशा कळत नाही.

भुसा, कापूस, लोकर, फायबरग्लास, थर्माकोल या सगळ्यांचे गुपित एकच : हवा. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. एक मीटर जाडीतून, एक अंशाच्या फरकाला किती वॉट उष्णता जाते, त्या आकड्याला वाहकता म्हणतात. काँक्रीटची साधारण १.४, विटेची ०.७ च्या आसपास, फायबरग्लासची ०.०४ आणि स्थिर हवेची ०.०२६. पण मोकळी हवा स्थिर राहत नाही. गरम झाली की वर जाते, गार झाली की खाली येते, आणि या खेपांबरोबर उष्णताही वाहून नेते. म्हणून तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडायचे. इन्सुलेशन म्हणजे कोंडलेली हवा.

अमेरिकेत ही अडवण्याची ताकद आर-व्हॅल्यूत मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी जाते. १९७९ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरासाठी इन्सुलेशन विकणाऱ्याने आर-व्हॅल्यू सांगितलीच पाहिजे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नव्या युगाचे उष्णतारोधक

आता आम्ही पडलो इंजिनीअर. साध्या कापसावर समाधान कसे होणार? रात्री बाळाला मांडीवर घेऊन वाचत बसलो. जे सापडले ते खरोखर थक्क करणारे आहे.

एरोजेल : सॅम्युएल किस्टलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये हे जगापुढे मांडले. जेलीमधले पाणी नुसते वाळवले तर जेली आक्रसून जाते. किस्टलरने आतला द्रव अशा दाबाखाली आणि तापमानाला काढला की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळे सांगाडा जसाच्या तसा राहतो. उरतो तो नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असलेला सिलिकाचा निळसर धुरकट ठोकळा. गंमत अशी की त्याची वाहकता स्थिर हवेपेक्षाही कमी, ०.०१५ च्या आसपास. हवा भरलेली वस्तू हवेपेक्षा सरस कशी? कारण तिची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची. हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्यापूर्वी सरासरी ७० नॅनोमीटर जातो. इथे त्याआधीच तो भिंतीवर आपटतो. उष्णता एका रेणूने दुसऱ्याला द्यायची, पण दुसरा भेटेल तर ना! नासाने मंगळावरच्या सोजर्नर गाडीत १९९७ मध्ये हेच वापरले. इमारतींसाठी त्याची लवचीक चादर मिळते, इंचाला साधारण आर-१०. किंमत मात्र फायबरग्लासच्या कितीतरी पट.

व्हॅक्यूम पॅनेल : थर्मासचे तत्त्व सपाट रूपात. सिलिकाच्या भुकटीचा गाभा, भोवती धातूचा मुलामा दिलेले आवरण, आतली हवा काढून टाकलेली. एका इंचात आर-२५ किंवा त्याहूनही जास्त. पण याला कापता येत नाही की खिळा ठोकता येत नाही. भोक पडले की निम्म्याहून जास्त ताकद गेली. आपल्या घरात आजोबांचा फोटो लावायला खिळा ठोकणारच, तेव्हा भिंतीत हे नको.

वितळणारे मेण : २५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे मेण किंवा क्षार भिंतीत घालायचे. वितळताना ते किलोमागे साधारण २०० किलोज्यूल उष्णता गिळतात आणि तापमान वाढू देत नाहीत. मातीच्या जाड भिंतीचेच काम, पातळ थरात. मात्र रात्री ते पुन्हा गोठले पाहिजे. जिथे रात्री खिडक्या उघडून गार वारा घेता येतो तिथे उत्तम. पहाटे ३६ अंश असलेल्या आपल्या जुलैत ते गोठवायला पुन्हा एसीच लावावा लागेल.

आकाशाकडे उष्णता फेकणारे छत : कुठलीही वस्तू उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. त्यातले ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीचे किरण हवेत फारसे अडत नाहीत, थेट अंतराळात जातात. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये आस्वथ रमण, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी सात थरांचा असा पडदा केला की तो सूर्याचे ९७ टक्के ऊन परतवतो आणि वर उष्णताही फेकतो. भर उन्हात तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ सेल्सिअस गार राहिला, वीज न वापरता! २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने बेरियम सल्फेटचा ९८.१ टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग दाखवला. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असेल तिथे हे जास्त चांगले चालते, म्हणजे फिनिक्स आदर्शच. अडचण एकच : उतरत्या कौलांना पांढरा रंग द्यायला आमची एचओए परवानगी देईना.

एक विक्रेता आणि एक गणित

एवढे वाचून आम्ही एरोजेलच्या प्रेमात पडलो होतो. त्यातच एक विक्रेता घरी आला. "नासाच्या तंत्रज्ञानाचा" रंग, आतून छताला दोन हात मारले की झाले, बिल निम्मे! आम्ही वर सांगितलेला नियम आठवून विचारले, "आर-व्हॅल्यू किती?" त्याने विषय बदलला. पुन्हा विचारले. त्याने चहा संपवला आणि निघून गेला. मंडळी, कागदाइतक्या पातळ थरात किती हवा कोंडणार? बाहेरून लावलेला पांढरा रंग ऊन परतवतो, ते काम खरे आहे. पण आतल्या छताला रंग देऊन उष्णता अडत नाही.

दुसरा एक कंत्राटदार म्हणाला, मोठा एसी बसवा, चौदा हजार डॉलर. तेव्हा मात्र वही काढली.

आमच्या वरच्या छताचे क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. माळा १४० अंश, खोली ७८, फरक ६२. उष्णता = क्षेत्रफळ गुणिले फरक भागिले आर. मालकी घेतली तेव्हाच्या कागदावर आर-३० लिहिले होते, पण माळ्यावर चढून पाहिले तर बहुतेक ठिकाणी चार इंच दबलेले फायबरग्लास, म्हणजे फार तर आर-१०. तासाला ७४४० बीटीयू आत. एसीचा एक टन म्हणजे १२००० बीटीयू, तेव्हा अर्ध्या टनाहून जास्त एसी फक्त छताशी झुंजत होता. आर-३८ केले तर १९५८ बीटीयू. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता गायब. आणि आर-६० केले तर? १२४०. पहिल्या २८ आरने ५५०० वाचवले, पुढच्या २२ ने जेमतेम ७००. चौथी पोळी पहिल्या पोळीइतकी गोड लागत नाही, तसेच.

इथे एरोजेलचे भूत उतरले. एरोजेल तेव्हा हवे, जेव्हा जागा नसते. माळ्यावर जागा फुकट आहे. जे एरोजेल चार इंचांत करील, ते साधे सेल्युलोज, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा प्रक्रिया केलेला भुगा, अकरा इंचांत करतो. फ्रीजच्या पातळ भिंतीत, जुन्या दगडी इमारतीत, भिंतीतल्या लाकडी पट्ट्यांवर एरोजेलला तोड नाही. भिंतीतला साडेतीन इंची लाकडी खांब जेमतेम आर-४ असतो आणि शेजारच्या आर-१३ ला बगल देऊन उष्णता आत आणतो. त्यावर एक सेंटिमीटर एरोजेलची पट्टी लावली तरी ती ताकद दुप्पट होते.

मग खरा बग सापडला

कोडमध्ये अनुमानाने बदल करू नये, आधी मोजावे, हे आम्ही ऑफिसात सगळ्यांना शिकवतो. घरी तेच विसरलो होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एनर्जी ऑडिट करवले. ऑडिटरने मुख्य दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आणि थर्मल कॅमेऱ्याने छत पाहिले. स्क्रीनवर बाळाच्या खोलीच्या कोपऱ्यात लालबुंद चौकोन!

माळ्यावर दोन गोष्टी निघाल्या. केबल टाकणाऱ्या कुणीतरी कधीतरी इन्सुलेशन बाजूला लोटले होते आणि परत पसरलेच नव्हते. साधारण ६० चौरस फूट जागा उघडी. आणि त्या खोलीला गार हवा नेणारा डक्ट सांध्यातून निसटला होता. आम्ही चार महिने पैसे मोजून माळा गार करत होतो!

उघड्या जागेचे गणित ऐका. उघडे जिप्सम आणि त्यालगतची हवा मिळून आर-२ धरा. ६० चौरस फुटांतून तासाला १८६० बीटीयू. बाकीच्या ११४० चौरस फुटांवर उत्तम आर-३८ असते तर तिथूनही १८६०. म्हणजे छताचा पाच टक्के भाग उघडा राहिला तर उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांइतकी उष्णता तिथूनच येते. गोधडी कितीही भारी असो, पाय उघडे राहिले तर थंडी वाजणारच. इथे उलटे, एवढेच.

नोव्हेंबरात काम केले. आधी डक्ट जोडून सांधे मॅस्टिकने बंद केले. मग दिव्यांच्या, वायरींच्या भोवतीच्या फटी बुजवल्या. सर्वांत शेवटी सेल्युलोज भरून आर-३८ केले. हाच क्रम महत्त्वाचा, कारण वर भुगा पडला की खालच्या फटी सापडत नाहीत. सगळा खर्च २९०० डॉलर. २०२४ चा उन्हाळाही सौम्य नव्हता, २७ मेपासून सलग ११३ दिवस पारा १०० किंवा त्याहून वर होता. पण संध्याकाळी पाचला वरची खोली ७९. ऑगस्टचे बिल ४१० वरून २९५ डॉलरवर आले. मोठा एसी घ्यावा लागला नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी

जुन्या घराच्या माळ्यावर करड्या-सोनेरी चमकत्या खड्यांसारखे काही पसरलेले दिसले तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. माँटानातल्या लिबीची खाण १९९० मध्ये बंद झाली, पण तिथल्या मालात ॲस्बेस्टॉस होते आणि तो देशभर गेला होता. आधी तज्ज्ञाला बोलवा.

फोम वापरताना आगीचा विचार करा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जीव गेले. बाहेरचे प्लास्टिक गाभ्याचे पॅनेल हे मुख्य कारण, आणि त्यामागच्या फोमनेही आगीला हातभार लावला. इन्सुलेशनची आर-व्हॅल्यू विचारता तसेच त्याचे आगीचे रेटिंगही विचारा.

इन्सुलेशनच्या सामानावर ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट होते, ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपले. विक्रेता अजून त्याचे आमिष दाखवत असेल तर सावध. वीज कंपनीची सवलत आहे का, ते मात्र जरूर विचारा.

आणि नागपूरची गच्ची?

हे सगळे ऐकून आजीने विचारले, "मग आमच्या फ्लॅटचं काय?" कारण मातीचे घर कधीच गेले. आता चौथ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. पाच इंच काँक्रीटची आर-व्हॅल्यू अर्ध्याच्याही आत. मातीच्या भिंतीसारखाच तो उष्णता साठवतो, पण पातळ असल्याने संध्याकाळपर्यंत ती आत पोचते, आणि आता अंगणात झोपायची सोय राहिली नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझॅक घालायची आपली जुनी पद्धत गळतीसाठी असली तरी उन्हालाही थोडी उपयोगी पडते. कोब्याखाली दोन इंच एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिन घातले तर ते उष्णता अडवण्यात आठ-दहा फूट जाड काँक्रीटच्या बरोबरीचे! तेवढे जमत नसेल तर निदान पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग.

सोसायटीच्या सभेत आजीने हा विषय मांडला. "अमेरिकेतून शिकून आल्या," असे कुणीतरी म्हणाले म्हणे. पण गेल्या मार्चमध्ये गच्चीला चुना लागला. इन्सुलेशनचा ठराव पुढच्या सभेवर गेला आहे.

लेक आता वरच्या खोलीतच झोपते. जुलैच्या दुपारी तिच्या खोलीत गेलो की आमचा हात अजूनही आपोआप तिच्या कपाळावर जातो. कपाळ गार असते.

असो. या लेखातून एवढेच लक्षात ठेवलेत तरी पुरे : आधी मोजा, मग भोके बुजवा, मग गोधडी घाला, आणि मगच एसीवाल्याला फोन करा. आमच्याकडे फोनला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा आहे. कुणाला हवा असेल त्याने पुढच्या कार्यक्रमात सांगावे. भाडे : एक डबा बटाटेवडे.

कळावे, लोभ असावा.